करवंटीतलं दूध

मुनाहने करवंटी आईच्या हातात दिली, पण तिची बोटं काठावरून लगेच सुटली नाहीत.

"सगळं ओत हं. काल म्हणालीस वाटेत हिंदकळलं."

"आज नाही हिंदकळणार," मेक याह म्हणाली.

"वाळू लगेच पिते?"

"लगेच."

"मुंग्या येतात?"

"मुंग्या कुठे नसतात, पोरी." म्हातारीने करवंटीवर केळीच्या पानाचा तुकडा झाकला. "तू पड बघू. दगड निवत चाललाय."

मुनाह पाठीवर पडली. पोटाला लांब फडक्याचे वेढे, वेढ्यांवर तापवलेला दगड, बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं. मूल राहो की जावो, बाळंतिणीचं अंग ते बाळंतिणीचं अंग. ते सुकेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. म्हणून तर पोराला पांढऱ्या कापडात गुंडाळून पुरुष माडांमधून घेऊन गेले तेव्हा तिने नुसती जिन्याची करकर ऐकली होती. माणसं गेली, करकर थांबली. पण दुधाला कुणी सांगितलं नव्हतं. ते आपलं वेळ झाली की दाटून येई आणि चोळी भिजवी. चोळ्या धुवून धुवून आईच म्हणाली होती, "वाया कशाला घालवतेस? दे माझ्याकडे. मी नेऊन घालते त्याच्या उशाशी." तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ एक करवंटी.

"त्याला सांगतेस ना, आई येईल म्हणून?"

"सांगते."

"काय सांगतेस?"

मेक याह दारात थांबली. आज सांगून टाकायचं असं ठरवूनच ती आत आली होती. आज नाही सांगितलं तर दुपारी चारचौघांत दुसराच कुणी सांगणार होता. तिने तोंड उघडलं, आणि खाली अंगणात बकरं ओरडलं.

"हे काय?"

"जावळ आहे ना आज. वहिनीच्या पोरीचं."

"हो, विसरलेच." मुनाहने भिंतीकडे तोंड केलं. "आई, एक कर. तिला माझ्यासमोर आणू नकोस. मी वाईट चिंतत नाही तिचं. पण बघवणार नाही मला."

म्हातारीचं उघडलेलं तोंड मिटलं. करवंटी दोन्ही हातांत धरून ती जिना उतरली.

*

जिन्यापासून वाट दोन्हीकडे फुटते. उजवीकडची माडांमधून कबरस्तानात जाते, डावीकडची बुडूच्या छपराकडे. तिथे मासळी आणि मीठ पोटात घेऊन मोठाले रांजण ऊन खात बसलेले असतात. महिनोन् महिने मासळी आंबून तिचा रस होतो, तो बुडू. त्याच्या वासापायी छपराखाली मेक याहवाचून कुणी फिरकत नाही.

मेक याह डावीकडे वळली. रोज वळत होती.

रांजणांमागे टांगलेल्या झोळीत सुनेची पोर जागी होती. पाऊल ओळखून ती हातपाय नाचवू लागली. म्हातारीने तिला मांडीवर घेतलं आणि शिंपीने थोडं थोडं दूध ओठांत सोडलं. पोर डोळे मिटून पीत होती, मधूनच शिंपीची कड हिरड्यांत धरून ठेवत होती. म्हातारी गुणगुणली:

नारळ पडला नदीच्या पाण्यात,
भरती नेई, ओहोटी आणी;
पदर भिजला कुणाच्या दारात,
कुणाचं दूध गं, कुणाची राणी?

नदीपल्याडच्या सयामातून टोपलीत घालून एक पोर पूर्वीही या गावात आली होती. ती मेक याह स्वतः. ज्यांनी आणली त्यांनी जीव लावला, पण घरातल्या कुणी अंगावर पाजून दुधाचं नातं लावायचं राहून गेलं. कुणाच्या लक्षातच आलं नाही. ज्या बापाने तिला खांद्यावर बसवून जत्रेतले पतंग दाखवले, तो बाप ती न्हाती झाल्यावर तिच्याशी मान खाली घालून बोलू लागला. घरात दोघंच असली की तो ओट्यावर जाऊन बसे, पाऊस असला तरी. त्याचं चुकलं नव्हतं. ती त्याची कुणी नव्हती, आणि तो देवाला भिणारा माणूस होता. मग लवकरच तिचं लग्न लावून दिलं. निरोपाला बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि तसाच मागे घेतला. तो हवेतला हात मेक याहला म्हातारपणीही दिसे.

तिचा मुलगा देरामान त्याच जातीचा. ही पोर घरात आली त्या दिवशीच त्याने सांगितलं होतं, "आई, उद्या वयात आल्यावर जिच्याकडे मला बघता येणार नाही, तिला आज मांडीवर घेऊन लळा कशाला लावू? माझ्या बहिणीचं दूध मिळालं तर ठेवतो. नाहीतर नदीपल्याड जिची तिला परत देऊ."

आणि त्याला बहीण एकच.

दोन वर्षांची होण्याआधी पाच वेळा पोटभर प्यायलं की नातं लागतं. ते केव्हाच लागलं होतं. पण त्यानंतरही म्हातारी डावीकडेच वळत राहिली, कारण पोर बाळसं धरत होती.

*

"आई, बकरीचं दूध हिला मानवलं बघा," छपराबाहेरून देरामानच्या बायकोने, सेपियाहने, पोरीला हातात घेतलं. "डब्यातलं घेतलं की कशी ओकत होती."

"हो ना," मेक याह म्हणाली. "मी बकऱ्याचं बघते. पाहुणे यायला लागतील."

सेपियाह पोरीचा गळा हुंगत उभी राहिली. पलीकडच्या काठावर ती पहिल्यांदा भेटली तेव्हा तिला धुराचा वास येत होता. रबराच्या मळ्यातली झोपडी, दारात दोन उघडी मुलं, आणि आत ती पोरसवदा आई. तिचा नवरा कामाला म्हणून गेला तो परतलाच नव्हता. देरामान बाहेर उभा राहून नदीकडे बघत होता. मेक याहने त्यांच्याच बोलीत विचारपूस केली. निघताना आई एवढंच म्हणाली, "कालपासून पाजली नाही हिला. भुकेली असली म्हणजे तुमचं घेईल." आणि छातीशी घडी घातलेले हात तिने सोडलेच नाहीत, निरोपाला हलवायलाही नाही. होडीत पोर सेपियाहची चोळी चोखत रडत राहिली. कोरडी चोळी. पलीकडचा काठ लांब जाईपर्यंत सेपियाहने मागे पाहिलं नाही.

मुनाहनेच आपलं मूल द्यायचं होतं खरं तर. "पोटातलं हे तुझं, वहिनी," ती आपणहून म्हणाली होती, आणि सेपियाहने झोळीसाठी निळं कापड आणून ठेवलं होतं. मुलगा झाला. मुनाहने त्याचं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, मला नाही जमत." निळं कापड सेपियाहने पेटीच्या तळाशी घातलं. मग तापाने मुलगा गेला. त्या वेळी कुणीतरी विहिरीवर म्हणालं, बाईचा सुस्कारा लागतो. सेपियाहने तेही ऐकलं, आणि घागर भरून घरी आली.

"दे इकडे," देरामानने मागून हात पुढे केले.

तिने चकित होऊन पाहिलं. गेले काही दिवस तो असाच आपणहून मागत होता. पूर्वी तो पोरीला परक्याची वस्तू धरावी तशी धरायचा. आता त्याने तिला खांद्यावर टाकलं आणि तिच्या पाठीवर हनुवटी घासली.

"काय झालंय तुम्हाला?"

"काही नाही. माझीच आहे ना?"

तिला इतकं बरं वाटलं की तिने पुढे विचारलं नाही.

*

दुपारी ओटी माणसांनी भरली. पुरुष ओटीवर, बायका आतल्या खोलीत, मध्ये फुलाफुलांचा पडदा. गोकर्णाच्या फुलांनी रंगवलेला निळा भात, खोबरं, तळलेले पापड, बुडूच्या वाट्या. तबकात कातरलेल्या काठाचा कोवळा नारळ ठेवला होता. एकेका वडीलधाऱ्याने पोरीच्या जावळाची बट कातरायची आणि नारळातल्या पाण्यात टाकायची. देरामान तिला घेऊन प्रत्येकापुढे वाकत होता.

"केस बापावर गेलेत," कुणीतरी म्हणालं.

"कुठल्या बापावर?" दुसऱ्याने विचारलं, आणि माणसं हसली. देरामानही हसला.

हारोन, मुनाहचा नवरा, जिन्याजवळ बसला होता. त्याने बट कातरली नाही. तबक आलं तेव्हा ते त्याने पुढच्याकडे सरकवलं.

आत मेक याहच्या हातातलं पान चुना लावलेलं तसंच राहिलं होतं. इमामसाहेबांनी घसा साफ केला.

"एक गोष्ट सगळ्यांनी ऐकून ठेवा. लपवायची नसते ती. उद्या ही मुलगी मोठी होईल, कुणाशी सोयरीक निघेल, तेव्हा सांगणारी माणसं हवीत. या मुलीने हारोनची बायको मुनाह हिचं दूध घेतलंय, हिशेब पुरा होऊनही जास्त. मुनाह तिची दूधआई, हारोन दूधबाप. मुनाहची सगळी मुलं तिची भावंडं. देरामान तिचा मामा. आज ही पोर या घरात परकी राहिली नाही. देवाची कृपा."

"देवाची कृपा," ओटी म्हणाली.

सेपियाहच्या मांडीवर पाहुण्यांना वाटायच्या अंड्यांना बांधायच्या कागदी फुलांचा ढीग होता. ती एकेक नातं मनात लावत गेली. दूधआई, दूधबाप, भावंडं, मामा, आजी. सगळी खुर्च्यांवर बसावीत तशी बसली. मग तिने पडद्याआडून विचारलं, "आणि मी, इमामसाहेब?"

"तुम्हाला काय अडचण, बाई? बायकाबायकांत पडदा नसतो."

"अडचण नाही विचारत मी. मी तिची कोण?"

इमामसाहेब चांगले गृहस्थ होते. "मामाची बायको," ते हळूच म्हणाले. "वाढवणारी. त्याचंही पुण्य मोठं आहे."

एवढ्यात मधल्या खोलीची कडी वाजली.

*

मुनाह उंबऱ्याच्या आतच उभी होती. पोटाची फडकी सुटून मागे लोंबत होती. बायकांमधली एक म्हणाली, "अगं, ओलं अंग तुझं, आत जा." मुनाहने उंबरा ओलांडला.

"आई," ती म्हणाली, "म्हणजे तो इतके दिवस कोरडाच आहे?"

मेक याहने पान खाली ठेवलं.

"वाळू लगेच पिते म्हणालीस. मुंग्या येतात म्हणालीस. तो ऐकतो म्हणालीस."

"मुनाह, गेलेल्याला भूक नसते. ही जिवंत होती. डब्यातलं ओकून टाकत होती. तुझा भाऊ तिला परत नेऊन देणार होता."

"मग मागायचंस."

"दिलं असतंस?"

मुनाहने खरोखरच विचार केला. "नसतं दिलं," ती म्हणाली. "पण नाही म्हणायला तरी मी हवी होते."

"नाही म्हणायला," मेक याहचा आवाज चढला. लाज वाटली की म्हातारीचा आवाज चढे, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. "शब्द कुणी दिला होता, पोटातलं वहिनीला देईन म्हणून? तोंड पाहिलंस आणि फिरलीस. मग काय झालं? कुणाच्या हाती राहिला तो?"

कागदी फुलं सेपियाहच्या मांडीवरून घसरली. ती कुणी उचलली नाहीत.

"आई, पुरे करा," हारोन म्हणाला. तो पडदा सारून उभा होता.

मुनाहने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं."

"विचारलं होतं त्यांनी मला."

"आणि?"

"मी म्हटलं..." हारोनने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हटलं, वाळूत जाण्यापेक्षा कुणाच्या तरी पोटात जातंय. तुला कळलं की तुलाही बरं वाटेल, असं वाटलं."

"दादालाही माहीत होतं. इमामांनाही. बकऱ्यालाही असेल." तिने मान वळवली. "वहिनी, तुला?"

"नाही," सेपियाह म्हणाली. मग म्हणाली, "वास आला होता तिच्या तोंडाला. बकरीचा नव्हता. मी विचारलं नाही."

"का?"

"ती ओकायची थांबली होती, मुनाह."

मुनाहने मान हलवली, जणू सकाळपासून ऐकलेलं हे पहिलं नीट वाक्य होतं.

ओटीवर पोर रडू लागली. तिची वेळ झाली होती. अर्धंमुर्धं कातरलेलं डोकं घेऊन देरामान तिला खांद्यावर थोपटत होता आणि ती त्याच्या सदऱ्यावर तोंड घासत होती. मुनाहच्या चोळीवर दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले. ते सगळ्या बायकांनी पाहिले. शेजारची म्हातारी शेवटी म्हणाली, "घे गं. आता तुझीच आहे ती."

मुनाहने पोरीकडे पाहिलं, पहिल्यांदाच. बराच वेळ पाहिलं.

"नातं लागलं ना?" ती म्हणाली. "मग झालं. ते काही आता सुटत नाही. पण यापुढे एक थेंब नाही. उरलंय ते त्याचं आहे."

आणि ती आत गेली.

*

माणसं पापड अर्धे टाकून उठली. डब्यातलं दूध कालवून मेक याहने शिंपीने पाजून पाहिलं. पोरीने जिभेने बाहेर लोटलं. पुन्हा पाजलं, पुन्हा लोटलं.

"वहिनी," आतून हाक आली. "आत ये. दार लाव."

मुनाह बाजेच्या कडेवर बसली होती. तिच्या मांडीवर करवंटी होती, काठोकाठ.

"आईच्या हातात देणार नाही," ती म्हणाली. "ह्यांच्या नाही, दादाच्या नाही. तू नेऊन घाल."

"मी?" सेपियाहला दारापलीकडचं रडणं ऐकू येत होतं. त्यात आता मध्येमध्ये श्वास अडकत होता. "माझी पोर उपाशी आहे, मुनाह. आणि तू मला सांगतेस?"

"तुलाच सांगते."

"का?"

"तू ओतलंस तरच मला ते ओतल्यासारखं वाटेल. बाकीच्यांना काय, त्यांचं त्यात काही जात नाही."

सेपियाह खाली बसली. मग म्हणाली, "निळं कापड आहे माझ्याकडे अजून. त्याच्यासाठी आणलेलं."

"माहीत आहे मला. पेटीच्या तळाशी," मुनाह म्हणाली. "मी तुझा सुस्कारा लागला असं कधी म्हटलं नाही, वहिनी. लोक म्हणाले तेव्हाही."

"मनात?"

मुनाहने करवंटी पुढे केली.

जिन्याच्या पायथ्याशी मेक याह उभी होती. सकाळपेक्षा लहान दिसत होती. "दे इकडे," ती हलक्या आवाजात म्हणाली. "निम्मं हिला, निम्मं त्याला. दोघांचंही भागेल. अगं, पोर मरेल तुझी."

"मरणार नाही. ओकेल, रडेल, मग घेईल. तिच्या आईनेही तिला असंच उपाशी ठेवून दिली होती माझ्याकडे."

"सेपियाह," वरून देरामान म्हणाला. पोर त्याच्या खांद्यावर ताठ झाली होती. "आईचं ऐक."

सेपियाहने वर पाहिलं. मामा भाचीला घेऊन उभा होता. तिने करवंटीवर तळहात झाकला आणि ती उजवीकडे वळली.

माडांमध्ये ऊन तिरपं झालं होतं. वाटेवर कुणाच्या पावलांच्या खुणा नव्हत्या, नुसते खेकड्यांचे ओरखडे. दूध तळहाताला कोमट लागत होतं. मागून रडणं येत होतं. झाडं दाट झाली तरी येतच होतं. तिच्या पायांना ते कळत होतं. एकदा ते आपोआप थांबले. तिने त्यांना पुढे नेलं.

कबर एवढीशी होती, दोन लहान दगडांमध्ये. वाळू पांढरी, कोरडी, वाऱ्याने सारखी झालेली. मुंग्या नव्हत्या.

"तुझी आई उंबरा ओलांडून आली आज," तिने त्याला सांगितलं. दुसरं काय सांगावं ते तिला सुचलं नाही. मग म्हणाली, "मी मामाची बायको. तुझीही."

तिने ओतलं. वाळूने खरंच लगेच प्यायलं. ओला डाग थोडा वेळ काळा राहिला आणि कडेकडेने पांढरा होऊ लागला. करवंटीच्या तळाशी एक थेंब उरला होता. तिने तो बोटाच्या टोकावर घेतला. माडांपलीकडे पोर रडत होती, आता दमल्यासारखी, थांबून थांबून. बोट हवेत धरून सेपियाह तशीच बसून राहिली.

मग तिने ते वाळूत पुसलं.